मेथोट्रेक्सेट, फोलेटचा चयापचय आणि कर्कपेशींचा औषधप्रतिकार

बॉस्टन येथील बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर ह्यांनी जून १९४८ मध्ये तीव्र ल्युकेमियाने ग्रस्त अशा सोळा मुलांवरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी दहा मुलांत स्पष्ट सुधारणा दिसून आली होती. ज्या रोगात त्या काळी रुग्ण अल्पावधीत दगावत, त्यात एका रासायनिक द्रव्याने रक्ताचे चित्र पालटावे, ही गोष्ट वैद्यकास सर्वस्वी नवी होती. ॲमिनॉप्टेरिन हे ते द्रव्य लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या रसायनज्ञांनी सिद्ध केले होते. सुब्बाराव त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये निवर्तले. परंतु त्या वृत्तान्तातच एक कटू गोष्टही नमूद होती. सुधारणा तात्पुरती होती. रोग परतल्यावर त्याच द्रव्याचा पूर्वीसारखा उपयोग होईनासा होतो, असा अनुभव लवकरच सर्वत्र येऊ लागला.

ॲमिनॉप्टेरिनची जागा पुढे मेथोट्रेक्सेट ह्या त्याच्या निकटच्या आप्ताने घेतली. मुलांमधील लसीकापेशीय ल्युकेमियाच्या उपचारांत ते आजही अनेक औषधांबरोबर दिले जाते, आणि सुसज्ज केंद्रांत अशा मुलांपैकी बहुसंख्य मुले बरी होतात. ज्यांचा रोग उलटतो त्यांचे भवितव्य मात्र अद्यापि चिंताजनक असते. म्हणून १९४८ साली उद्भवलेला प्रश्न आजही जिवंत आहे: काल ज्या द्रव्याने पेशी मरत होती, त्याच द्रव्यात ती आज कशी जगते?

ह्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकांतून मिळणारे रूढ उत्तर म्हणजे पेशीपटलावरील पंप. जुलियानो व लिंग ह्यांनी १९७६ साली वर्णिलेले पी-ग्लायकोप्रोटीन अनेक औषधे पेशीतून बाहेर लोटते, हे निर्विवाद आहे. परंतु ह्या उत्तराच्या सुबोधपणामुळे प्रतिकार म्हणजे पेशीने बाहेरून आणून बसविलेले एखादे कवच होय, अशी समजूत रूढ झाली, आणि ती पुष्कळ अंशी दिशाभूल करणारी आहे. मेथोट्रेक्सेटचे उदाहरण नीट तपासले असता दिसते ते असे, की पेशीला बहुधा नवे काहीच मिळवावे लागत नाही. एक जीवनसत्त्व आत घेणे, साठविणे, वापरणे आणि खर्च करणे हे जे व्यवहार ती नित्य करीत असते, त्यांचेच प्रमाण बदलले की औषध निष्प्रभ होते.

त्यासाठी प्रथम फोलेटचे कार्य ध्यानात घेतले पाहिजे. फोलिक अम्लाचे क्षपित रूप, म्हणजे टेट्राहायड्रोफोलेट, हे पेशीत एक-कार्बनी गटांचे वाहक म्हणून काम करते. सेरीन ह्या अमिनो अम्लापासून घेतलेला कार्बन ते प्यूरिनांच्या व थायमिडिलेटाच्या संश्लेषणास पुरविते. प्यूरिनांच्या संश्लेषणात वाहक आपले ओझे उतरवितो आणि टेट्राहायड्रोफोलेट ह्याच रूपात परत येतो. थायमिडिलेट सिंथेज ह्या एन्झाइमाची विक्रिया मात्र निराळी आहे. तीत वाहक नुसते ओझे देऊन सुटत नाही, तर स्वतःचे हायड्रोजनही देऊन बसतो आणि डायहायड्रोफोलेट होऊन बाहेर पडतो. त्याला पुन्हा कामाजोगे करण्याचे कार्य डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे एन्झाइम करते, आणि मेथोट्रेक्सेट नेमके ह्याच एन्झाइमास घट्ट चिकटते. परिणामी सारे फोलेट हळूहळू निरुपयोगी रूपात अडकून पडते. डीएनएच्या बांधणीस थायमिडिलेट मिळत नाही आणि विभाजनाच्या तयारीत असलेली पेशी मरते.

ह्या साखळीतील प्रत्येक दुवा प्रतिकाराचे एकेक स्थान आहे. पहिला दुवा प्रवेशाचा. मेथोट्रेक्सेट पेशीत शिरते ते क्षपित फोलेटाच्या वाहक-प्रथिनातून, म्हणजे जीवनसत्त्वासाठी ठेवलेल्या दरवाजानेच. तो दरवाजा अरुंद झालेला पेशीवंश १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांतच फिशर ह्यांनी उंदराच्या ल्युकेमियापेशींत दाखवून दिला. ऑस्टिओसार्कोमा ह्या अस्थींच्या कर्करोगात हा वाहक कमी प्रमाणात असणे वारंवार आढळते. त्या रोगात औषध अतिशय मोठ्या मात्रेने देऊन नंतर ल्युकोव्होरिन ह्या क्षपित फोलेटाने निरोगी ऊतकांना वाचविण्याची रीत आहे. तिचा एक आधार असा, की बाहेरील संहती पुरेशी वाढविली तर वाहकावाचूनही थोडे औषध आत झिरपते.

दुसरा दुवा साठवणीचा असून तो विशेष उद्बोधक आहे. पेशी आपल्या फोलेटाला ग्लुटामेटाची शेपटी जोडते. अशा लांबलेल्या रेणूस पेशीपटल ओलांडून बाहेर जाता येत नाही. हेच एन्झाइम मेथोट्रेक्सेटालाही शेपूट लावते, आणि त्यामुळेच रक्तातील औषध ओसरल्यावरही पेशीत त्याचा साठा टिकतो. म्हणजे औषधाच्या परिणामाचा बराच भाग पेशीच्या स्वतःच्या काटकसरी स्वभावावर अवलंबून असतो. ज्या पेशी हे काम कमी करतात त्यांत औषध शिरते आणि तसेच निघून जाते. बी-वर्गीय ल्युकेमियाच्या पेशींत शेपूट लागलेल्या मेथोट्रेक्सेटाचा साठा टी-वर्गीय पेशींहून अधिक होतो. ज्यांत गुणसूत्रांची संख्या वाढलेली असते अशा पेशींत तर तो आणखी जास्त असतो. ह्याचे एक कारण असे, की उपरोक्त वाहक-प्रथिनाचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे आणि अशा पेशींत त्या गुणसूत्राच्या जादा प्रती बहुधा असतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत मेथोट्रेक्सेटाची विषबाधा अधिक होते, ह्याचा संबंधही ह्याच गुणसूत्राशी जोडला जातो.

तिसरा दुवा स्वतः रिडक्टेज. हे एन्झाइम पेशीत गरजेपेक्षा पुष्कळ अधिक असते. त्याचा जवळजवळ सर्व भाग, शेकडा ९५ हून अधिक, निष्क्रिय झाल्याखेरीज फोलेटाचे चक्र थांबत नाही. औषध व एन्झाइम ह्यांचे बंधन इतके घट्ट असते की औषधाचा एक रेणू एन्झाइमाच्या एका रेणूत अडकून पडतो. तेव्हा एन्झाइमाची राशी वाढविणे म्हणजे औषध शोषून घेणारे पात्र मोठे करणे होय. पेशी हे कसे साधते ह्याचा उलगडा १९७८ साली स्टॅनफर्ड येथे शिम्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. उंदराच्या सार्कोमाच्या एका प्रतिकारक्षम वंशात रिडक्टेजाचे संश्लेषण मूळ वंशाच्या दोनशे ते अडीचशे पट होत होते, आणि जनुकाच्या प्रतीही त्याच मानाने वाढलेल्या आढळल्या. तत्पूर्वी दोन वर्षे बीडलर व स्पेंगलर ह्यांनी अशा पेशींच्या गुणसूत्रांवर एकसारखा रंग घेणारे लांबट पट्टे पाहिले होते. त्यांचा अर्थ आता कळला. काही वंशांत ह्या जादा प्रती गुणसूत्रांबाहेरील सूक्ष्म जोड-कणांवर असतात. त्या कणांना गुणसूत्रबिंदू नसल्यामुळे पेशीविभाजनात त्यांची वाटणी अनियमित होते, आणि औषध बंद केले की काही पिढ्यांत ते गळून पडतात. प्रतिकार टिकविण्यास जी किंमत मोजावी लागते तिचे ह्याहून स्पष्ट निदर्शन क्वचितच सापडेल. मात्र प्रयोगशाळेतील ह्या आकड्यांनी दिपून जाण्याचे कारण नाही: प्रत्यक्ष रुग्णांच्या पेशींत जेथे ही वाढ आढळली तेथे ती थोड्याच पटींची होती.

ह्या बदलांचा उगम कशात आहे, हा वाद जुना आहे. लॉइड लॉ ह्यांनी लुरिया व डेलब्रुक ह्यांची १९४३ सालची जीवाणूंवरील पद्धत उंदरांच्या ल्युकेमियापेशींस लावली. फोलिक अम्लविरोधी द्रव्यांचा प्रतिकार औषधाशी गाठ पडण्यापूर्वीच विरळा पेशींत उत्पन्न झालेला असतो, औषध केवळ त्यांची निवड करते, असे त्यांनी १९५२ साली दाखविले. अनेक औषधे एकत्र देण्याच्या आजच्या पद्धतीमागे हा विचार आहे. तथापि सर्वच प्रतिकार उत्परिवर्तनातून येतो असे मात्र ह्यावरून ठरत नाही. पुढील विवेचनात त्याची उलट उदाहरणे येतील.

वर सांगितले की फोलेट अडकून पडते ते थायमिडिलेट सिंथेज चालू असते म्हणून. ह्यातून एक विलक्षण निष्कर्ष निघतो. तेच एन्झाइम मंदावले तर डायहायड्रोफोलेट साचणारच नाही आणि रिडक्टेज बंद पडूनही पेशीचे फारसे बिघडणार नाही. मोरान व हायडेलबर्गर ह्यांच्या गटाने १९७९ साली हे प्रयोगाने दाखविले. ह्याच कारणास्तव ५-फ्लुओरोयुरॅसिल हे थायमिडिलेट सिंथेज रोखणारे औषध आधी व मेथोट्रेक्सेट नंतर दिले तर दुसऱ्याचा प्रभाव घटतो. क्रम उलटा केल्यास दोन्ही परस्परांस पोषक ठरतात. दोन औषधे तीच, मात्रा तीच. फरक केवळ कोणते आधी गेले एवढाच, आणि तो समजतो तो चयापचयाच्या नकाशावरूनच. सावकाश विभाजन पावणारी पेशी ह्या औषधास दाद का देत नाही, ह्याचे उत्तरही येथेच आहे.

ह्याच नकाशातील एका दुर्लक्षित कोपऱ्याकडे २०१८ साली लक्ष वेधले गेले. व्हाइटहेड संस्थेतील नामा कानारेक, डेव्हिड सबातिनी आदींनी एका मानवी ल्युकेमियाच्या पेशीवंशात एकेक जनुक निकामी करून मेथोट्रेक्सेटात कोणत्या पेशी तगतात ते पाहिले. वाहक-प्रथिनाचे जनुक अपेक्षेप्रमाणे यादीत आले. त्याच्या जोडीला आले ते हिस्टिडीन ह्या अमिनो अम्लाच्या विघटनातील एका एन्झाइमाचे जनुक. प्रथमदर्शनी हा संबंध कोड्यात टाकणारा वाटतो. परंतु जीवरसायनशास्त्राच्या जुन्या अभ्यासकांस तो अपरिचित नसावा. हिस्टिडीनाच्या विघटनात शेवटी फॉर्मिमिनोग्लुटामिक अम्ल तयार होते आणि त्यातील फॉर्मिमिनो गट टेट्राहायड्रोफोलेट उचलतो. शरीरात फोलेटाची तूट असेल तर हे अम्ल मूत्रात उतरते. रुग्णास हिस्टिडीन देऊन मूत्र तपासण्याची चाचणी एके काळी फोलेटाच्या कमतरतेच्या निदानासाठी प्रचारात होती. आता अर्थ उघड होतो: हिस्टिडीनाचे विघटन ही टेट्राहायड्रोफोलेटाच्या खर्चाची एक बाब आहे. ती बंद पडली की औषधामुळे टंचाई असतानाही उरलेला साठा पेशीस पुरतो. उलट हा खर्च वाढविला तर? ल्युकेमिया असलेल्या उंदरांना आहारात अधिक हिस्टिडीन दिले असता मेथोट्रेक्सेटाचा परिणाम वाढला. हा उंदरांतील निष्कर्ष होय. रुग्णाच्या आहारास तो तसाच लावणे घाईचे ठरेल. पण औषधाच्या लक्ष्याशी प्रत्यक्ष संबंध नसलेली चयापचयाची शाखासुद्धा प्रतिकाराचे माप ठरवू शकते, हे त्यावरून सिद्ध झाले.

येथवर एका पेशीपुरता विचार झाला. शेजारी पेशींचे साहाय्य कसे उपयोगी पडते हे पाहण्यास ॲस्पॅराजिनेजाचे उदाहरण घ्यावे लागेल. किड ह्यांना १९५३ साली असे आढळले की गिनीपिगाच्या रक्तरसाने उंदरांतील लसीकार्बुद विरघळते. त्यामागील कार्यकारी घटक ॲस्पॅराजिनेज हे एन्झाइम असल्याचे ब्रूम ह्यांनी १९६१ साली दाखविले. हे एन्झाइम रक्तातील ॲस्पॅराजीन नष्ट करते. बहुतेक निरोगी पेशी ते अमिनो अम्ल ॲस्पॅराजीन सिंथेटेजाच्या साहाय्याने घरीच तयार करतात. लसीकापेशीय ल्युकेमियाच्या पुष्कळ पेशींत ते एन्झाइम नगण्य असते, म्हणून त्या उपाशी मरतात. औषधाची ही निवडक मारकता जितकी मनोहर तितकीच ठिसूळही आहे. अमिनो अम्लांच्या टंचाईची जाणीव करून देणारी यंत्रणा प्रत्येक पेशीत उपजत असते आणि ती सिंथेटेजाचे जनुक जागे करते. येथे उत्परिवर्तनाची वाट पाहावी लागत नाही. शिवाय २००७ साली असे निदर्शनास आले की अस्थिमज्जेतील आधारपेशींत हे एन्झाइम विपुल असून त्या शेजारच्या ल्युकेमियापेशींस ॲस्पॅराजीन पुरवितात. अशा परिस्थितीत ल्युकेमियापेशीची तपासणी करून तिच्यात काही बदल सापडला नाही, तरी ती प्रतिकारक्षम असू शकते.

कर्कपेशींच्या चयापचयाचा विषय निघाला की ओटो वारबुर्ग ह्यांचे नाव येतेच. ऑक्सिजन उपलब्ध असताही अर्बुदे ग्लुकोजापासून लॅक्टिक अम्ल तयार करतात, हे त्यांचे १९२० नंतरच्या दशकातील निरीक्षण कायम टिकले आहे. त्यामागे श्वसनयंत्रणेचा बिघाड आहे, हा त्यांनी १९५६ पर्यंत आग्रहाने मांडलेला सिद्धान्त मात्र टिकला नाही. बहुतेक कर्कपेशींत मायटोकॉण्ड्रिया काम करीत असतात. औषधप्रतिकाराच्या दृष्टीने पाहता त्यांचे दुसरे एक संशोधन अधिक मोलाचे म्हणावे लागेल. ग्लुकोज-६-फॉस्फेटाचे ऑक्सिडीकरण करणारे एन्झाइम त्यांनी व क्रिस्टियान ह्यांनी १९३१ च्या सुमारास शोधले. ग्लुकोजाची ही बाजूची वाट एनएडीपीएच निर्माण करते, आणि त्याच्या बळावर ग्लुटाथायोन क्षपित अवस्थेत राहते. सिसप्लॅटिनसारख्या औषधाचे रेणू डीएनएपर्यंत पोहोचण्याआधीच ग्लुटाथायोनाच्या गंधकास बांधले जातात. शिवाय बाहेर टाकलेल्या लॅक्टिक अम्लामुळे अर्बुदाभोवतीचे द्रव अम्लधर्मी होते. डॉक्सोरुबिसिन हे दुर्बल अल्क असल्यामुळे तेथे त्यावर विद्युत्भार येतो आणि पेशीपटल ओलांडणे त्यास कठीण जाते. ह्यांतील कोणतीही गोष्ट पेशीने औषधासाठी म्हणून केलेली नसते.

मग चयापचयच रोखून धरला तर प्रतिकार मोडेल, अशी आशा स्वाभाविक होती. सायटाराबिनानंतर तग धरून राहिलेल्या तीव्र मज्जाजन्य ल्युकेमियाच्या पेशी मायटोकॉण्ड्रियांतील ऑक्सिडीकरणावर विसंबतात, असे फ्रान्समधील तुलूझ येथील संशोधकांनी २०१७ साली दाखविले. वारबुर्ग ह्यांच्या मताच्या हे अगदी उलट होय. परंतु श्वसनसाखळीचा पहिला टप्पा रोखणाऱ्या आयएसीएस-०१०७५९ ह्या द्रव्याची रुग्णांवरील परीक्षणे मज्जातंतूंची इजा व रक्तातील लॅक्टेटाची वाढ ह्यांमुळे सोडून द्यावी लागली. त्यांचा वृत्तान्त २०२३ साली प्रसिद्ध झाला. मज्जातंतूंनाही तीच श्वसनसाखळी लागते. ह्याची दुसरी बाजू सायक्लोफॉस्फामाइडाच्या बाबतीत दिसते. अल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे एन्झाइम त्याचे सक्रिय रूप नष्ट करते, आणि ते वाढले की ल्युकेमियापेशी प्रतिकारक्षम होतात, असे १९८४ साली आढळले. पण रक्ताच्या मूळपेशींतही ते विपुल असते, आणि म्हणूनच ह्या औषधाच्या मोठ्या मात्रेनंतरही मज्जा पुन्हा रुजते. जे साधन कर्कपेशीस वाचविते तेच रुग्णासही वाचविते. ते सरसकट निकामी करणे परवडणारे नाही.

प्रतिकाराचे मापन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ह्या संदर्भात एका व्यावहारिक अडचणीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. पेशी ज्या माध्यमात वाढवावयाच्या त्याची घटना मानवी रक्तद्रवासारखी क्वचितच असते. सर्वत्र प्रचारात असलेल्या आरपीएमआय १६४० ह्या माध्यमात दर लिटरास १ मिलिग्रॅम फोलिक अम्ल असते. रक्तद्रवातील फोलेटाच्या मानाने हे सुमारे शंभरपट होते, आणि ग्लुकोजही निरोगी रक्ताच्या दुपटीएवढे असते. अशा सुकाळात मेथोट्रेक्सेटाची जी मात्रा निश्चित होते तिचा रुग्णाशी किती संबंध असेल, हा प्रश्नच आहे. जेसन कँटर व सहकाऱ्यांनी २०१७ साली मानवी रक्तद्रवाशी मिळतेजुळते माध्यम तयार केले, तेव्हा त्यातील यूरिक अम्ल युरिडीन-संश्लेषणातील एका एन्झाइमास अडथळा करते आणि ५-फ्लुओरोयुरॅसिलाचा प्रभाव कमी करते, असे अनपेक्षितपणे आढळले. रूढ माध्यमांत यूरिक अम्ल नसतेच. उंदरात ते मनुष्याच्या मानाने फारच अल्प असते, कारण उंदराजवळ त्याचे विघटन करणारे एन्झाइम असते. थायमिडीनाची गोष्ट ह्याच्या उलट आहे. उंदराच्या रक्तद्रवात ते मनुष्याच्या सुमारे दसपट असल्यामुळे थायमिडिलेट सिंथेज रोखणाऱ्या द्रव्यांच्या परीक्षणात उंदराच्या शरीरातील पेशी बाहेरून थायमिडीन घेऊन वाचतात, आणि प्रतिकार नसताना प्रतिकार दिसतो.